मेल येतोय पण जाईना झालाय? जुन्या कॉम्प्युटरवर या चुका टाळा

"अण्णा, मेल येऊलाय बघा, पण जाईना झालाय." हे वाक्य मी बेळगावच्या उद्यमबागेतल्या फाउंड्रीवाल्यांकडून ऐकलंय, शहापूर-वडगावच्या साडी व्यापाऱ्यांकडून ऐकलंय, खानापूर आणि निपाणीकडच्या पतसंस्थांतूनही ऐकलंय. कॉम्प्युटर बहुतेक वेळा विंडोज सेव्हनचा असतो, कुठे कुठे अजून एक्सपी. तो ठेवण्यामागे कारण असतं. एखाद्या मशीनचं सॉफ्टवेअर नव्या विंडोजवर चालत नाही, कुठे हिशेबाचा जुना डेटा त्यातच असतो. म्हणून "नवा घ्या" एवढं सांगून मी फोन ठेवत नाही. जुन्या कॉम्प्युटरवरून मेल जाणं बंद झालं की त्याची कारणं ठरलेली असतात आणि ती शोधता येतात. नुकसान होतं ते घाईघाईत केलेल्या दुरुस्तीने.

एक गोष्ट आधी समजून घ्या. मेल येण्याचा आणि जाण्याचा रस्ता वेगळा असतो. येणारा मेल पॉप किंवा आयमॅपने येतो, जाणारा एसएमटीपीने जातो. दोन्हींचे सर्व्हर वेगळे, पोर्ट (सर्व्हरचा नंबर दिलेला दरवाजा) वेगळे, आणि पासवर्डची तपासणीही वेगवेगळी होते. त्यामुळे "मेल येतोय म्हणजे सेटिंग बरोबरच आहे" हा समज पहिल्यांदा डोक्यातून काढा.

खातं काढून परत टाकू नका, फॉरमॅट तर मुळीच नको

उद्यमबागेतल्या एका कारखान्याला संध्याकाळी पाचच्या आत पुण्याला कोटेशन पाठवायचं होतं. मेल आउटबॉक्समध्ये अडकला. पुतण्याने खातं काढून नवीन टाकलं, ते लागेना. मग कुणीतरी सांगितलं म्हणून रात्री फॉरमॅट मारलं. त्यांचं खातं पॉपवर होतं आणि "सर्व्हरवर प्रत ठेवा" ही खूण नव्हती. म्हणजे कित्येक वर्षांचे मेल, कास्टिंगची ड्रॉइंग्ज, जुने दर, सगळं फक्त त्या एका हार्ड डिस्कवर होतं. मशीन माझ्याकडे आलं तेव्हा त्यावर नवी विंडोज चढली होती आणि मला काही परत आणता आलं नाही. त्या मालकांचा चेहरा अजून डोळ्यासमोर येतो, म्हणून ही चूक सगळ्यात आधी लिहिली.

कशालाही हात लावण्याआधी मेलचा प्रोग्रॅम पूर्ण बंद करा आणि त्याची फाइल पेन ड्राइव्हवर घ्या. आउटलुक असेल तर पीएसटी फाइल, आउटलुक एक्सप्रेस असेल तर डीबीएक्स फाइली, थंडरबर्ड असेल तर त्याचं प्रोफाइल फोल्डर. ही फोल्डरं बऱ्याचदा लपवलेली असतात. आधी "लपवलेल्या फाइली दाखवा" ही खूण करा, मग शोधा. पीएसटीचा आकारही बघून ठेवा. आउटलुक २००२ आणि त्याआधीच्या आवृत्त्यांत ही फाइल २ जीबीला भरते. आउटलुक एक्सप्रेसमध्ये एकेका फोल्डरची मर्यादा साधारण तेवढीच असते. पाठवलेल्या मेलचं फोल्डर गच्च भरलं की मेल जातो, पण त्याची प्रत ठेवायला जागा नसते, म्हणून तो आउटबॉक्समध्येच दिसत राहतो आणि समोरच्याला तोच मेल पुन्हा पुन्हा मिळतो. समोरून "एकच बिल सहा वेळा आलं" असा फोन आला तर आधी हे तपासा.

चूक कुठली ते न बघता पासवर्ड बदलत सुटू नका

दोन मिनिटांच्या दोन चाचण्या करा. त्याच खात्यातून मोबाइलच्या ब्राउजरमधून एक मेल पाठवा. तो गेला तर खातं ठीक आहे. मग कॉम्प्युटरला मोबाइलचा हॉटस्पॉट जोडून तिथून पाठवा. हॉटस्पॉटवर गेला तर दोष तुमच्या लाइनमध्ये आहे, कॉम्प्युटरमध्ये नाही.

लाइनचा दोष बहुतेक पोर्ट २५ चा असतो. एसएमटीपीचा नियम १९८२ सालचा, तेव्हापासूनचं हे पोर्ट. स्पॅम रोखायला पुष्कळ इंटरनेट कंपन्या आता ते ग्राहकांसाठी बंद ठेवतात. मेल पाठवणाऱ्यांसाठी १९९८ पासून वेगळं पोर्ट ठरलेलं आहे, ५८७. दुसरं ४६५. दहा-पंधरा वर्षांपूर्वी कुणीतरी टाकलेलं २५ तसंच राहून जातं आणि टेलिफोनची तार काढून फायबर घेतलं की एकदम मेल बंद पडतो. जुन्या इंटरनेट कंपनीचा एसएमटीपी पत्ता तसाच राहिला असेल तरी हेच होतं, कारण तो सर्व्हर स्वतःच्या लाइनवरूनच मेल घेतो. पोर्ट बदलताना शेजारचा खानाही बदला: ५८७ ला स्टार्टटीएलएस किंवा टीएलएस, ४६५ ला एसएसएल. ही जोडी चुकली की पट्टी बराच वेळ पुढे सरकते आणि शेवटी "सर्व्हरने उत्तर दिलं नाही" एवढंच येतं.

स्वतःच्या डोमेनचा मेल असेल, म्हणजे @ च्या पुढे तुमच्याच कंपनीचं नाव असेल, तर आणखी एक खूण बघा: "जाणाऱ्या सर्व्हरला ओळख द्यावी लागते". ती नसेल तर सर्व्हर "रिले नाकारलं" म्हणतो, म्हणजे तुमचा मेल पुढे पाठवायला नकार देतो.

लाल अक्षरांतला संदेश ओके दाबून घालवू नका

त्यात उत्तर असतं. मोबाइलने फोटो काढा. आकडा ४ ने सुरू होत असेल तर अडचण तात्पुरती आहे, तासाभराने बघा. ५ ने सुरू होत असेल तर सर्व्हरने नकार दिलाय, काहीतरी बदलल्याशिवाय तो मेल जाणार नाही. ५३५ म्हणजे नाव-पासवर्ड नाकारला. ५५२ म्हणजे बहुतेक मेल फार मोठा आहे. ८००सीसीसी०ई असा आकडा आला तर सर्व्हरशी जोडणीच झालेली नाही, तिथे पासवर्ड बदलून काही मिळत नाही.

५५० चा अर्थ पुष्कळदा तो पत्ताच नाही असा असतो. आपल्याकडे याला एक जास्तीचं कारण आहे. १ नोव्हेंबर २०१४ पासून बेळगावचं सरकारी नाव बेळगावी झालं, इंग्रजी स्पेलिंग बदललं. मेल आयडीत शहराचं नाव असेल तर तो जुन्या स्पेलिंगचा आहे की नव्या, हे पाठवणाऱ्याला आठवत नाही. त्यात जुना आउटलुक दोन अक्षरं टाइप केली की कधीकाळचा पत्ता स्वतःच भरतो. पत्ता पूर्ण वाचा, आणि यादीतला चुकीचा पत्ता एकदाच कायमचा काढून टाका.

तोच पासवर्ड दहा वेळा टाकू नका

जीमेलने ३० मे २०२२ पासून जुन्या प्रोग्रॅममधून साधा पासवर्ड घेणं बंद केलं. आउटलुक डॉट कॉमच्या खात्यांना हेच १६ सप्टेंबर २०२४ पासून लागू झालं. तुमचा पासवर्ड शंभर टक्के बरोबर असला तरी जुना आउटलुक तो नाकारलेलाच दाखवणार. जीमेलसाठी उपाय असा: खात्यात दोन टप्प्यांची पडताळणी चालू करायची, मग सोळा अक्षरांचा ॲप पासवर्ड तयार करायचा आणि मेलच्या प्रोग्रॅममध्ये नेहमीच्या पासवर्डऐवजी तो टाकायचा.

इथेच खरी अडचण समोर येते. पडताळणीचा कोड जातो मोबाइलवर, आणि खात्याला जोडलेला नंबर कुणाचा? कधीकाळी सोडून गेलेल्या अकाउंटंटचा, किंवा नोकरीसाठी पुण्याला गेलेल्या मुलाच्या बंद सिमचा. मेल चालू आहे तोवर हा नंबर बदलून घ्या. खात्यातून एकदा बाहेर पडलात तर परत आत शिरणं फार अवघड होतं.

नव्या कुलपाला जुनी चावी चालत नाही

पासवर्ड बरोबर, पोर्ट बरोबर, तरी जोडणी होत नसेल तर कारण बहुधा टीएलएस. कॉम्प्युटर आणि सर्व्हर यांच्यातलं बोलणं ज्या कुलपात बंद होतं ते हे. त्याच्या १.० आणि १.१ या आवृत्त्या मार्च २०२१ मध्ये अधिकृतपणे मोडीत निघाल्या आणि सर्व्हर आता किमान १.२ मागतात. एक्सपीकडे १.२ नाहीच. विंडोज सेव्हनमध्ये आहे, पण आउटलुकसारख्या प्रोग्रॅमसाठी ते आपोआप वापरलं जात नाही. अपडेट आणि रजिस्ट्रीतला (विंडोजच्या आतल्या सेटिंगच्या यादीतला) बदल दोन्ही लागतात, आणि रजिस्ट्रीला माहितगारानेच हात लावावा.

माझं मत विचाराल तर सेव्हनवर थंडरबर्ड टाका. ते स्वतःचं टीएलएस बरोबर घेऊन येतं, विंडोजवर अवलंबून राहत नाही. सेव्हनवर चालणारी त्याची शेवटची आवृत्ती ११५. एक्सपीवर ५२ च्या पुढे जात नाही, आणि एक्सपीला ८ एप्रिल २०१४ नंतर नियमित सुरक्षा अपडेट मिळालेली नाहीत. एक्सपीच्या मशीनवर मेल लावायचा आग्रह मी धरत नाही. बिल तिथे बनवा, पेन ड्राइव्हने दुसऱ्या कॉम्प्युटरवर न्या आणि तिथून पाठवा.

तारीख बघितली का?

पावसाळ्यात खानापूरकडे लाइट सारखी जाते-येते, आणि अशा दिवसांत एकच तक्रार येते: "प्रमाणपत्र वैध नाही". खाली उजव्या कोपऱ्यात बघितलं तर तारीख २००९ ची. मदरबोर्डवरचा गोल सेल, सीआर २०३२, संपला की लाइट गेल्यावर घड्याळ मागे जातं. सर्व्हरचं प्रमाणपत्र "अजून सुरूच झालेलं नाही" असं कॉम्प्युटरला वाटतं आणि तो जोडणी तोडतो. सेल बदला, तारीख लावा, काम झालं. टाइम झोनही कोलकाता, ५:३० असाच आहे ना, ते बघा.

आउटबॉक्समध्ये एकच मोठा मेल

जीमेलची मर्यादा २५ एमबी. पण जोडलेली फाइल मेलमध्ये जाताना साधारण एक तृतीयांशाने फुगते, म्हणून १८ एमबीच्या वर जाऊ नका. कास्टिंगचे फोटो मोबाइलवरून जसेच्या तसे टाकले की पाच-सहा फोटोंतच मर्यादा संपते. असा एक मेल रांगेत पुढे अडकला की मागचे सगळे थांबतात. आउटलुक "ऑफलाइन" करा, तो मेल आउटबॉक्समधून ड्राफ्टमध्ये ओढा, मग परत ऑनलाइन या. आउटबॉक्समधला मेल नुसता उघडून बंद केलात तरी आउटलुक तो आपणहून पाठवत नाही, परत "पाठवा" दाबावं लागतं.

अँटिव्हायरसमधली मेल तपासणी पाच मिनिटं बंद करूनही बघा. मेल गेला तर फक्त तेवढीच बंद ठेवा, अख्खा अँटिव्हायरस काढू नका.

मेल गेला, पण वाचता येईना

खानापूर तालुक्यातल्या एका वाचनालयाचं निमंत्रण सगळ्या सभासदांना गेलं आणि प्रत्येकाला फक्त प्रश्नचिन्हांच्या ओळी मिळाल्या. आउटलुक एक्सप्रेसमध्ये अक्षरांची पद्धत "वेस्टर्न युरोपियन" होती, त्यात देवनागरीला जागाच नाही. पाठवण्याच्या सेटिंगमध्ये ती "युनिकोड, यूटीएफ-८" करायची. मजकूर श्रीलिपी किंवा कृतिदेवसारख्या जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेला असेल तर एवढ्याने भागत नाही. समोरच्याकडे तो फॉन्ट नसला की इंग्रजी अक्षरांचा गुंता दिसतो. तसा मजकूर पीडीएफ करून जोडा. वाचनालयाच्या बाईंनी निमंत्रण युनिकोडमध्ये परत टाइप केलं, आधी स्वतःच्याच मोबाइलवर पाठवून वाचलं, आणि मग सभासदांची यादी उघडली.