लंडनला मावशीकडे उतरताना

सांगलीहून निघताना आईने एक अख्खी बॅग मावशीसाठी भरली. गोडा मसाला, कोकम, भडंग, मेतकूट, थालीपिठाची भाजणी. पेढे आणि साजूक तूप मात्र मी आदल्या रात्री काढायला लावलं, कारण भारतातून ब्रिटनमध्ये दुधाचे आणि मांसाचे पदार्थ नेता येत नाहीत.

मावशी, काका आणि माझी पंधरा वर्षांची मावसबहीण लंडनच्या वायव्येला, हॅरोमध्ये राहतात. मी मास्टर्ससाठी गेले तेव्हा हॉस्टेलचं भाडं आवाक्याबाहेर होतं, म्हणून ‘खोली मिळेपर्यंत मावशीकडे’ असं ठरलं. किती दिवस, हे कुणीच बोललं नाही. घरचंच माणूस, त्यात तारीख काय विचारायची, असं दोन्हीकडे वाटत होतं. मी सहा आठवडे राहिले. तुम्हीही असे कुणाकडे उतरणार असाल, तर किती दिवस राहणार आणि खर्चाचं काय, हे पहिल्याच आठवड्यात स्वतःहून काढा. आपल्याकडे हे बोलणं जड जातं, मलाही गेलं. पण न बोलल्यामुळे जो अवघडलेपणा घरात साठतो, तो त्याहून जड असतो.

आधी घराबद्दल, कारण पहिली चूक मी तिथेच केली. तिथल्या जुन्या घरांच्या वरच्या मजल्याची जमीन लाकडी असते. बाथरूममध्ये फरशीला उतार नसतो, पाणी जायला मोरीसारखं भोक नसतं. पाणी फक्त टबात किंवा शॉवरच्या चौकोनात पडायला हवं. मला हे कुणी सांगितलं नव्हतं आणि मीही विचारलं नाही. रोज आंघोळ झाल्यावर टबाबाहेर उभी राहून पायावर तांब्याने पाणी घ्यायचे, वर फरशी नीट पुसूनही घ्यायचे. दहाव्या दिवशी स्वयंपाकघराच्या छतावर, बरोबर गॅसच्या वर, ताटाएवढा तपकिरी डाग दिसला. काका खुर्चीवर चढले, बोटाने दाबून पाहिलं, तर प्लास्टर ओलं आणि मऊ लागलं. ते मला एक शब्द बोलले नाहीत. डाग वाळायला दोन आठवडे गेले, मग एका रविवारी त्यांनी रंगाचा डबा आणला. मी खाली वर्तमानपत्रं अंथरली आणि शिडी धरून उभी राहिले. तेव्हा त्यांनी सांगितलं की ते स्वतः पहिल्यांदा आले तेव्हा घरमालकाने याच कारणावरून त्यांच्या डिपॉझिटमधून पैसे कापले होते. म्हणून सांगते, पहिल्याच दिवशी घरातल्या कुणाला तरी बरोबर घेऊन घर फिरून या. गरम पाण्याचा बॉयलर किती वाजता लागतो, हीटिंगच्या बटणाला हात लावायचा की नाही, कुठल्या डब्यात कुठला कचरा जातो, सगळं विचारा. तळणीचं तेल सिंकमध्ये ओतायचं नाही. फोडणी करताना स्वयंपाकघराचं दार लावायचं, खिडकी उघडायची, पंखा आधी सुरू करायचा. नाहीतर मोहरी तडतडायच्या आत धुराचा अलार्म वाजतो आणि रात्रपाळी करून झोपलेलं माणूस जागं होतं. मावशी हॉस्पिटलमध्ये काम करते, तिच्या पाळ्या बदलत असतात. फ्रिजवर लावलेलं तिचं वेळापत्रक मी फोनमध्ये फोटो काढून ठेवलं होतं, त्याचा फार उपयोग झाला.

कागदपत्रांच्या बाबतीत नातेवाइकांकडे राहणाऱ्यांची एक खास अडचण होते. विजेचं, पाण्याचं, कौन्सिल टॅक्सचं (म्हणजे तिथल्या घरपट्टीचं) बिल मावशीच्या नाहीतर काकांच्या नावावर, मग तुमच्या पत्त्याचा पुरावा आणायचा कुठून? बँक खात्यासाठी युनिव्हर्सिटी एक पत्र देते, पण त्या पत्रावर तोच पत्ता छापून येतो जो तुम्ही त्यांच्या पोर्टलवर भरलेला असतो. माझ्या पत्रावर सांगलीचा पत्ता आला. पोर्टलवर बदल करून दुसरं पत्र मिळेपर्यंत नऊ दिवस गेले. तेव्हा लंडनला पोचल्यावर सत्राच्या काळातला पत्ता आधी बदला, मगच बँकेचं पत्र मागा.

आता प्लॅस्टिकचं निवासकार्ड मिळत नाही, ई-व्हिसा असतो. त्याचं ऑनलाइन खाते उघडून पासपोर्ट त्याला जोडलेला आहे ना, हे निघण्याआधीच पाहा. घरमालक किंवा नोकरी देणारा शेअर कोड, म्हणजे तुमचा व्हिसा ऑनलाइन तपासायचा कोड, मागतो; तो याच खात्यातून काढायचा आणि 90 दिवस चालतो.

डॉक्टरकडे, म्हणजे जीपीकडे, नाव नोंदवायला आजारी पडण्याची वाट पाहू नका. व्हिसाबरोबर आरोग्याचा अधिभार आपण भरलेलाच असतो, विद्यार्थ्यांना तो वर्षाला 776 पौंड पडला आहे. नोंदणी फुकट असते आणि पत्त्याचा पुरावा नाही म्हणून ती नाकारता येत नाही. मला पहिल्या दवाखान्यात रिसेप्शनवरून परत पाठवलं होतं. मावशीने हा नियम सांगितल्यावर मी दुसऱ्या दिवशी पुन्हा गेले, शांतपणे तेच बोलले, आणि फॉर्म मिळाला.

अजून एक गोष्ट, तुमची मावशी किंवा मामा एकटे राहत असतील तर. एकट्या माणसाला कौन्सिल टॅक्समध्ये 25 टक्के सूट असते. तुम्ही राहायला आलात म्हणून ती जाईल अशी भीती त्यांना वाटते, पण बोलून दाखवत नाहीत. पूर्णवेळ विद्यार्थी या हिशोबात धरला जात नाही. युनिव्हर्सिटीकडून विद्यार्थी असल्याचा दाखला काढून त्यांच्या हातात द्या.

प्रवासाचं थोडक्यात. हॅरो-ऑन-द-हिल पाचव्या झोनमध्ये येतं, तिथून मेट्रोपॉलिटन लाइनने शहरात जाता येतं. चढताना आणि उतरताना एकच वस्तू टेकवायची: सकाळी बँकेचं कार्ड टेकवलं तर संध्याकाळीही कार्डच, फोन नाही. दोन्ही एकाच खात्याचे असले तरी यंत्राला ते वेगळे वाटतात आणि दिवसभरात ठरावीक रकमेपेक्षा जास्त भाडं कापलं जात नाही, तो फायदा जातो. 16-25 रेलकार्ड (तरुणांसाठीचं सवलतीचं कार्ड) काढून ऑयस्टर कार्डाला, म्हणजे लंडनच्या प्रवासाच्या प्रीपेड कार्डाला, जोडून घेतलं की गर्दीच्या वेळा सोडून एक तृतीयांश भाडं वाचतं.

या गाडीवरूनच आठवलं. तिसऱ्या आठवड्यात मी वर्गातल्या मुलींबरोबर लायब्ररीत थांबले आणि फोनची बॅटरी संपली. त्या घरात साडेसहाला जेवतात. सांगलीत आम्ही साडेनऊला बसायचो, त्यामुळे आठ वाजले तरी मला उशीर झाला असं वाटलंच नाही. साडेदहाला स्टेशनच्या पायऱ्या उतरले तर समोर मावशी उभी. अंगात हॉस्पिटलचा गणवेश, वर काकांचं जाकीट. रागावली नाही, नुसतं म्हणाली, “अगं, ताईला मी काय सांगितलं असतं?” मी आपली स्वतःच्या पायावर उभी राहायला आले होते, पण त्या सहा आठवड्यांत माझी जबाबदारी मावशीवर होती, आणि आईला उत्तर तिलाच द्यावं लागलं असतं. त्या दिवसापासून गाडीत बसले की एक ओळ पाठवायचे: जेवायला आहे, किंवा नाही. पॉवर बँकही घेतली.

पैशांबद्दल. मी मावशीला पाकीट दिलं, तिने ते परत माझ्या उशीखाली ठेवलं. रोख पैसे आपल्या माणसांकडून कुणी घेत नाही, हे धरून चाला. मग मी विचारलं, “शनिवारची भाजी मी आणू का?” ते तिने लगेच मान्य केलं. दर शनिवारी वेम्बलीच्या ईलिंग रोडवर जाऊन मेथी, गवार, कोथिंबिरीच्या जुड्या, तूरडाळ आणायचे. साधारण 25 पौंड व्हायचे. शिवाय मंगळवारचा स्वयंपाक माझा. मावसबहिणीला मराठी सगळं कळतं, पण उत्तर इंग्रजीतच देते. थालीपीठ लावताना मात्र ती शेजारी उभी राहून ‘अजून पातळ’ असं मराठीत बोलायला लागली.

आता खोलीबद्दल, आणि हा भाग नीट वाचा. भाड्याची खोली घेताना एजंट बहुतेक वेळा ब्रिटनमध्ये राहणारा जामीनदार मागतात. नातेवाईक इथेच आहेत म्हटल्यावर आपल्या डोळ्यासमोर पहिलं नाव त्यांचंच येतं. तीन मैत्रिणींबरोबर मी घर बघितलं, फॉर्म घेऊन आले आणि काकांना म्हटलं, “फक्त सही हवी आहे.” काकांनी चष्मा लावला, पेन्सिल घेतली आणि सगळी पानं वाचली. एका परिच्छेदाखाली रेघ ओढून मला वाचायला दिलं. करार चौघींचा एकत्र होता, त्यामुळे दुसऱ्या कुणी भाडं थकवलं तरी जामीनदाराला ते भरावं लागलं असतं. काका म्हणाले, “तुझ्यासाठी मी करेन. ज्या तिघींना मी ओळखत नाही, त्यांच्यासाठी नाही.” मला त्या क्षणी वाईट वाटलं, पण ते अगदी बरोबर होते. जामिनाचा कागद पुढे करण्याआधी तो स्वतः वाचा, आणि नातेवाईक नाही म्हणाले तर ते मनापासून स्वीकारा. शेवटी मी एका घरात एकच खोली घेतली, करार फक्त माझ्या नावाचा, आणि काकांची जामीन रक्कम माझ्या भाड्यापुरती मर्यादित असं लिहून घेतलं. पाच आठवड्यांच्या भाड्यापेक्षा जास्त डिपॉझिट साधारणपणे मागता येत नाही, आणि खोली डोळ्यांनी पाहिल्याशिवाय एक पौंडही पाठवू नका.

कामाचं विचाराल तर सत्र चालू असताना आठवड्याला जास्तीत जास्त 20 तास. काकांच्या ओळखीतल्या एकाने रोख पैशांवर जास्त तासांचं काम देऊ केलं होतं, मी नको म्हटलं. व्हिसा त्याहून मोठा.

ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी तिथली घड्याळं एक तास मागे जातात, आणि भारताचं अंतर साडेचार तासांवरून साडेपाचवर येतं. त्याच रविवारी मी नव्या खोलीवर गेले. काकांनी गाडीत बॅगा ठेवल्या, मावशीने कढई, पोळपाट-लाटणं आणि एक जाड रजई दिली. बँकेचा पत्ता मी मुद्दाम मार्चपर्यंत बदलला नाही, कारण नव्या घराचं दार पाच जणांचं होतं आणि टपाल हरवायचं. कार्ड, पत्रं सगळी हॅरोलाच यायची. मावशी पाकिटाचा फोटो पाठवायची, खाली लिहायची, ‘शनिवारी भाजी घेऊन ये आणि घेऊन जा.’