मोक्ष म्हणजे काय हे समजून घ्यायचंय? मग असं करा

पहिलं म्हणजे मोक्ष म्हणजे स्वर्ग हे डोक्यातून काढा, पुण्य संपलं की तिथून परत खाली यावं लागतं असं गीतेच्या 9व्या अध्यायातच आहे, म्हणजे एफडी मोडून खाल्ल्यासारखं झालं ते. शब्द मुच् म्हणजे सोडणं या धातूवरून आलाय, तर आधी स्वतःला विचारा, सुटायचंय कशातून?

मग दोरीचं उदाहरण घ्या. लाईट गेलेत, पडवीत काहीतरी वेटोळं दिसतं, आपण साप साप ओरडतो, कोणीतरी मोबाईलचा टॉर्च मारतं आणि ती कपडे वाळत घालायची दोरी निघते. आता साप गेला कुठे? नव्हताच ना. अद्वैतवाले, म्हणजे जीव आणि ब्रह्म एकच मानणारे, म्हणतात जन्ममरणाचं बंधनही तसंच, म्हणून जिवंतपणीच सुटता येतं, त्याला जीवन्मुक्ती म्हणायचं. हे दोन दिवस डोक्यात घोळू द्या, घाई नको.

रामानुज या वैष्णव आचार्यांना हे पटत नाही, त्यांच्याकडे मोक्ष देह पडल्यावरच, आणि जीव तिथेही वेगळाच राहतो, वैकुंठात देवाच्या सेवेत. द्वैत मानणाऱ्या मध्वाचार्यांचं अजून वेगळं, ते सध्या सोडा.

मग दासबोध उघडा, दशक 4, समास 10. सलोकता (देवाच्या लोकात राहणं), समीपता (देवाजवळ राहणं), सरूपता (देवासारखं रूप मिळणं), सायुज्यता (देवाशी एकरूप होणं) अशा 4 मुक्ती, त्यातली शेवटचीच टिकणारी असं समर्थ सांगतात. पाठ करायची गरज नाही, एकदा सावकाश मोठ्याने वाचा बस.

आणि हे सगळं झालं की तुकोबांकडे जा, ते तर म्हणतात मुक्ती नकोच, संतांची संगत दे आणि खुशाल परत जन्माला घाल 😄