नवीन मशीन बसवताय? डीलरचा माणूस गाडीत बसायच्या आधी या चुका टाळा

शिरोली एमआयडीसीत माझं छोटं मशीन शॉप आहे. ओळखीत कुणी नवीन लेथ नाहीतर सीएनसी घेतली की महिन्याभरात फोन येतोच, "दादा, जरा येऊन बघून जाता का, साईज टिकेना झालीय." जाऊन बघितलं की बहुतेक वेळा मशीन चांगलंच असतं, ते बसवलेलं नीट नसतं. डीलरच्या फिटरला संध्याकाळपर्यंत दुसऱ्या गावाला पोचायचं असतं, आपल्याला पहिला जॉब कधी निघतोय याची घाई, आणि या दोन घायांच्या मध्ये दहा-बारा लाखांचं मशीन वाकडं बसतं. तेच तेच सांगून आता कंटाळा आलाय, म्हणून एकदाच सगळं लिहितो.

पहिली चूक लेव्हलची, आणि हिच्यावर मी सगळ्यात जास्त बोलणार, कारण मी स्वतः हिच्यात भाजलोय. काही वर्षांपूर्वी सहा फुटी लेथ (जॉब फिरवून कापायचं मशीन) घेतला. डीलरचा माणूस आला, हायड्रा क्रेननं मशीन उतरवलं, पायाखाली प्लायवूडचे तुकडे सारले, बेडवर, म्हणजे मशीनच्या लांब पाठीवर, गवंडी वापरतात तसली पाणसळ ठेवली, "बबल मध्ये आहे बघा" म्हणाला. मग दोन सेंटरमध्ये बार धरून कट घेतला, टेपर आला, म्हणजे एक टोक जाड, दुसरं बारीक, तर त्यानं टेलस्टॉकचे (बारचं दुसरं टोक धरणाऱ्या भागाचे) स्क्रू फिरवून टेलस्टॉक बाजूला सरकवला, परत कट घेतला आणि मायक्रोमीटरवर दोन्ही टोकं सारखी दाखवली. मी खूश, सही केली.

आठवड्याने चकमध्ये (जॉब एकाच टोकाला पकडणाऱ्या जबड्यात) धरायचं स्लीव्हचं, म्हणजे पोकळ नळीचं, काम आलं, 60 मिमी बोअर, 200 मिमी लांब. टेलस्टॉकचा संबंधच नाही. बोअरमध्ये 0.03 चा टेपर. 60 मिमीच्या एच7 ला (ड्रॉईंगवर भोकासाठी दिलेल्या मापाच्या मर्यादेला) सगळी मिळून सूटच 0.03 ची, ती एकट्या टेपरनं खाल्ली. डीलरला फोन केला तर म्हणे टूल तपासा, मटेरियल कडक असेल, ऑपरेटर नवीन आहे का. पंधरा दिवस हेच ऐकलं आणि तोवर चाळीस स्लीव्ह भंगारात गेल्या. शेवटी रिटायर झालेले एक जुने मिस्त्री स्वतःची प्रिसिजन लेव्हल घेऊन आले, बबल एक रेघ सरकला की मीटरला 0.02 मिमी कल दाखवणारी. हेडस्टॉकजवळ (चकच्या टोकाला) बेडवर आडवी ठेवली तर बबल मध्ये, टेलस्टॉककडे नेली तर बबल पार कडेला जाऊन चिकटला. बेड पिळला होता. त्या माणसानं टेलस्टॉक सरकवून तो पीळ फक्त झाकला होता, काढला नव्हता.

हे का होतं ते समजून घ्या. बेडपासून सेंटरची उंची 200 मिमी धरा. सॅडल (टूल घेऊन बेडवर सरकणारा भाग) जितकं सरकतं तेवढ्यात बेडचा आडवा कल मीटरला 0.1 मिमीनं बदलला, तर टूलचं टोक 0.02 बाजूला जातं, म्हणजे व्यासात 0.04 चा फरक. पाणसळीला हे कधीच दिसणार नाही. आणि लाकूड दबतं, तेलानं फुगतं, ते मशीनखाली नकोच. आम्ही प्लाय काढून एमएस प्लेट टाकल्या, लेव्हलिंग बोल्टवर दोन्ही टोकांचं आडवं वाचन सारखं केलं, मग चकमध्ये बार धरून टेलस्टॉक न लावता बारवर दोन कॉलर (उंच कड्या) ठेवून, क्रॉस स्लाईडला (टूल आत-बाहेर करणाऱ्या भागाला) हात न लावता, दोन्हीवर एकच बारीक कट घेतला. दोन्ही कॉलर सारख्या आल्या, त्यानंतरच टेलस्टॉक परत लाईनीत आणला. अर्ध्या दिवसाचं काम. क्रम हाच ठेवा, आधी लेव्हल, मग कॉलर, शेवटी टेलस्टॉक. उलटं करणाऱ्या फिटरला तिथंच थांबवा. पंधरा दिवसांनी परत लेव्हल बघा, महिन्याने परत, कारण कोबा (काँक्रीटची जमीन) बसतो. कोबा नवीन असेल तर 28 दिवस पाणी-दम खाऊ द्या. दसऱ्याचा मुहूर्त चुकेल म्हणून ओल्या कोब्यावर मशीन चढवलेली माणसं मी बघितलीत. खंडेनवमीला पूजा करा, नारळ फोडा, प्रॉडक्शन मात्र कोबा तयार झाल्यावरच.

दुसरी चूक सहीची. कमिशनिंग रिपोर्टवर (मशीन बसवून चालू करून दिल्याच्या कागदावर) सही म्हणजे "मला सगळं मिळालं" असं तुम्ही लिहून दिलं. "सही द्या, उरलेलं उद्या येऊन करतो" म्हणणारा माणूस उद्या येत नाही, मला तरी अजून भेटलेला नाही. डीलरच्या टेस्ट पीसवर सही करू नका. तुमचं मटेरियल, तुमचं ड्रॉईंग, लागोपाठ पंचवीस-तीस जॉब काढा, मोजा, मग पेन उचला. काही बाकी असेल तर रिमार्कमध्ये पेनानं लिहा आणि फोटो काढून ठेवा. दहा टक्के रक्कम कमिशनिंगनंतर, हे पीओमध्येच (खरेदीच्या ऑर्डरमध्ये) लिहून घ्या. मशीन शेडमध्ये आल्यावर हे कुणी ऐकत नाही. वॉरंटीचं कलमही वाचा. बऱ्याच ठिकाणी चालू केल्यापासून 12 महिने किंवा डिस्पॅचपासून 18 महिने, यातलं जे आधी संपेल ते, असं असतं. शेड तयार नाही म्हणून मशीन ताडपत्रीखाली ठेवलं तरी ते महिने मोजले जातातच.

थ्री फेज विजेचे फेज उलटे लागले की मशीनचा हायड्रॉलिक पंप उलटा फिरतो, प्रेशर येत नाही, आणि लोक पंपच खोलून बसतात. आधी कुठल्याही दोन फेजच्या वायरी एकमेकींच्या जागी लावून बघा. जनरेटरचा फेज क्रमही मेनसारखाच आहे ना ते त्याच दिवशी तपासा, आणि फेज सिक्वेन्स रिले (क्रम उलटा असला तर मशीन चालू न होऊ देणारा) लावा, कारण महावितरणनं ट्रान्सफॉर्मरवर काम केलं की क्रम परत बदलू शकतो.

सीएनसीला स्वतंत्र अर्थिंग हवं. न्यूट्रल आणि अर्थमध्ये मीटर लावा, दोन व्होल्टच्या वर दाखवत असेल तर मशीन चालू करू देऊ नका. शेडच्या अर्थिंगच्या जुन्या मीठ-कोळशाच्या खड्ड्याला जोडून देऊन निघून जाणारे आहेत.

ट्रान्सपोर्ट क्लॅम्प (प्रवासात भाग हलू नयेत म्हणून लावलेले) सगळे काढले का, ते स्वतः मोजा.

गंजरोधक ग्रीस रॉकेल आणि कापडानं पुसा, हवा मारू नका, कचरा स्लाईडमध्ये घुसतो.

स्लाईडला 68 ग्रेडचं वे ऑईल (सरकत्या भागांचं तेल), हायड्रॉलिकला 32 ग्रेडचं. डबे शेजारी ठेवले की एकदा तरी अदलाबदल होते.

सीएनसीच्या पॅरामीटरचा (कंट्रोलमधल्या सेटिंगचा) बॅकअप पहिल्याच दिवशी मेमरी कार्डवर घ्या, आणि ट्रेनिंगला हेल्परला बसवू नका, जो मशीन चालवणार त्यालाच बसवा. दोन दिवसांचं ट्रेनिंग परत फुकट मिळत नाही.

तक्रार फोनवर करायची असेल तर करा, पण लगेच तीच ईमेलवर टाका, मशीनचा सिरियल नंबर आणि मोजमापांसकट. "मशीन नीट चालत नाही" एवढंच लिहिलं तर कुणी हलत नाही, "200 मिमीत 0.03 टेपर" लिहिलं की माणूस पाठवतात.

मी आता पहिल्या दिवशीची सगळी लेव्हलची वाचनं एका कागदावर लिहून इलेक्ट्रिक पॅनेलच्या दाराला आतून चिकटवतो. मागच्या वर्षी परत टेपर यायला लागला तेव्हा तो कागद समोर धरूनच लेव्हल फिरवली, टेलस्टॉककडचा मागचा बोल्ट ढिला झालेला सापडला, आणि जेवायच्या सुट्टीआधी मशीन परत जॉबवर होतं.