शिक्षकांना आभासी जग शिकवायचंय? इंटरनेट बाजूला ठेवा

शिक्षकांचं प्रशिक्षण ठेवलं की पहिला तास लॉगिन आणि रडतखडत चालणाऱ्या वायफायमध्येच जातो. हिंगण्याकडच्या एका वर्गात हा मनस्ताप भोगल्यावर मी इंटरनेटचा नादच सोडला.

१. प्रत्येक लॅपटॉपवर घरूनच 'लुआंटी' टाका, म्हणजे ठोकळे रचून आभासी जग बांधायचं सॉफ्टवेअर. फुकट आहे, ऑनलाइन खातं लागत नाही. २०२४ पर्यंत याचं नाव माइनटेस्ट होतं. सगळीकडे एकच आवृत्ती असू द्या. नुसतं लुआंटी रिकामं असतं, म्हणून 'कंटेंट'मधून एक गेमही उतरवा. तो फक्त तुमच्या लॅपटॉपवर असला तरी पुरतो.

२. मोबाइलचा हॉटस्पॉट लावून सगळे लॅपटॉप जोडा. डेटा लागत नाही.

३. नवं जग तयार करा. 'क्रिएटिव्ह मोड' (हवे तेवढे ठोकळे) सुरू, 'डॅमेज' (इजा होणं) बंद, 'होस्ट सर्व्हर'वर टिक, म्हणजे बाकीच्यांना तुमच्या जगात येता येतं. विंडोजच्या फायरवॉलने विचारलं तर परवानगी द्या. बाकीच्यांनी 'जॉइन गेम'मध्ये तुमच्या लॅपटॉपचा आयपी पत्ता (नेटवर्कवरचा त्याचा क्रमांक) आणि पोर्ट ३०००० टाकायचा.

४. एका लॅपटॉपवर दोघं बसवा, आणि माउस जो जास्त घाबरतो त्याच्या हातात. (दुसरा आपोआप शिकवायला लागतो, शिक्षकच ना शेवटी!)

पहिलं काम म्हणून झिरो माइलचा खांब बांधायला सांगा. नागपूरच्या माणसाला तो डोळे मिटून आठवतो, त्यामुळे 'काय बांधू' हा प्रश्नच येत नाही. खांबाजवळचे चार घोडे चहानंतर.

फक्त मधेच तुमचा लॅपटॉप मिटू नका, सगळेच जगाबाहेर फेकले जातात.