बोर्डाचं काम शिकायचं तर आधी शिडी धरा

दहावी-बारावीचे निकाल लागले की आमच्या दुकानात पोट्टे विचारायला येतात, "ताई, फ्लेक्सची मशीन शिकवाल का?" मशीन लवकर शिकता येते. बोर्ड भिंतीवर असा बसवायचा की मे महिन्याच्या वावधानात, म्हणजे वादळी वाऱ्यात, तो जागचा हलणार नाही आणि बसवणाराही धडधाकट घरी जाईल, हे शिकायला वेळ लागतो. माझे वडील नागपुरात हातानं बोर्ड रंगवायचे. अक्षरं मी त्यांच्याकडून शिकले, पुढे ग्लो साइन (आतून दिवे लावलेले बोर्ड), ॲक्रिलिक आणि एलईडीची कामं घेतली. माझ्याकडे येणाऱ्याला ज्या क्रमानं शिकवते, तोच क्रम इथे लिहिते आहे.

पहिली अट वयाची. अठरा पूर्ण नसतील तर कटिंग मशीन नाही, वेल्डिंग नाही आणि उंचीवर तर अजिबात नाही. टेबलावर बसून अक्षरं मात्र कोणत्याही वयात शिका.

सुरुवात कागदावर करायची. शिरोरेषा आखायची, अक्षराची उंची ठरवायची, मग पेन्सिलीनं "श्री", "क्ष", "द्ध", "र्‍या" काढत बसायचं. शाळेत चित्रकलेच्या एलिमेंटरी-इंटरमिजिएट परीक्षा दिल्या असतील तर हात लवकर बसतो. अक्षर किती मोठं हवं याचा धंद्यातला ढोबळ अंदाज असा, की दर १० फूट अंतरामागे १ इंच उंची. रस्त्यापलीकडून, ५० फुटांवरून वाचायचं असेल तर अक्षर किमान ५ इंचांचं. हा हिशेब मूळ अक्षराचा आहे. देवनागरीत वर मात्रा-वेलांटी आणि खाली उकार येतो, त्यांची जागा वेगळी धरावी लागते. ती धरली नाही की उकार फ्रेमखाली जातो आणि गिऱ्हाईक पैसे अडवतं.

कायदाही पाठ हवा. महाराष्ट्रात दुकानांचा बोर्ड देवनागरी मराठीत असणं, मराठी नाव सुरुवातीला असणं आणि त्याचं अक्षर इतर लिपीपेक्षा लहान नसणं बंधनकारक आहे. २०२२च्या दुरुस्तीनंतर दहापेक्षा कमी कामगारांच्या दुकानांनाही हे लागू झालं. गिऱ्हाइकानं "इंग्रजी मोठं करा" म्हटलं तर डिझाइन करतानाच त्याला हे सांगा. बोर्ड लागल्यावर सांगून काही उपयोग नसतो. आणि शुद्धलेखन तपासा. "आशीर्वाद" हा शब्द "आर्शिवाद" असा लिहिलेले कितीतरी बोर्ड या शहरात उभे आहेत, मला प्रत्येक वेळी वाईट वाटतं. कोरल ड्रॉ या डिझाइनच्या सॉफ्टवेअरमधली फाइल दुसऱ्या कॉम्प्युटरवर पाठवताना अक्षरं कर्व्ह करून, म्हणजे फॉन्टची आकृती करून पाठवा, नाहीतर जोडाक्षरं फुटतात.

अक्षरं जमली की वर्कशॉप. इथे धोका डोळ्यांना दिसत नाही, म्हणून जास्त बोलते. लेझर मशीनवर ॲक्रिलिक कापा, एमडीएफ (लाकडाच्या भुशाचा बोर्ड) कापा, पण सनबोर्ड (तोही पीव्हीसी प्लास्टिकचाच) किंवा पीव्हीसीची कोणतीही शीट कधीच नाही. पीव्हीसीत क्लोरीन असतं. ते जळलं की हायड्रोजन क्लोराइड वायू निघतो, तो फुप्फुसाला भाजतो आणि मशीनचे आरसे-रेल गंजवतो. सनबोर्ड राउटरवर, म्हणजे फिरत्या पात्याच्या मशीनवर, किंवा कटरनं कापायचा. ॲक्रिलिक कापतानाही मशीन सोडून चहाला जायचं नाही, कारण त्याची वाफ पेट घेते. हाताशी आग विझवायचं सिलिंडर हवं.

ॲक्रिलिक जोडायला आपल्याकडे सर्रास क्लोरोफॉर्म वापरतात. त्याची वाफ डोकं जड करते आणि रोज नाकात गेली तर यकृत खराब करते. तोंडाला बांधलेला दुपट्टा धूळ थोडीफार अडवतो, वाफ अडवत नाही. वाफेसाठी कार्बनची कार्ट्रिज असलेला मास्क लागतो. दार-खिडकी उघडी, एक्झॉस्ट फॅन चालू, बाटलीचं झाकण बंद आणि बाटलीवर नाव लिहिलेलं हवं. पाण्याच्या बाटलीत थिनर किंवा क्लोरोफॉर्म भरणाऱ्याला मी दुकानात ठेवत नाही.

जीआय पाइप (जस्ताचा थर दिलेला लोखंडी पाइप) वेल्डिंग करताना जस्ताचा धूर निघतो. तो ओढला की संध्याकाळी थंडी वाजून ताप भरतो. "गूळ खाल्ला की धूर निघून जातो" असं जुने वेल्डर प्रेमानं सांगतात. गूळ जरूर खा, पण त्यानं धूर अडत नाही. जोडाजवळचं जस्त आधी घासून काढा आणि उघड्यावर वेल्डिंग करा. फ्लेक्सचे रोल ठिणगीपासून लांब ठेवा. ग्राइंडरचा गार्ड काढायचा नाही, चष्म्याशिवाय चालू करायचा नाही.

दरम्यान जमलं तर आयटीआय करा. वेल्डरचा ट्रेड एक वर्षाचा, इलेक्ट्रिशियन आणि वायरमन दोन वर्षांचे. दुकानात हात तयार होतो, पण अर्थिंग का करायचं हे तिथे नीट शिकवतात.

विजेचं थोडक्यात. एलईडी मॉड्युल १२ व्होल्टवर चालतात म्हणून पोरं निर्धास्त असतात. पण एसएमपीएसच्या, म्हणजे घरच्या विजेचे १२ व्होल्ट करून देणाऱ्या डब्याच्या, एका बाजूला २३० व्होल्ट असतात, आणि १२ व्होल्टच्या बाजूला करंट इतका जास्त की बारीक वायर तापून पेटू शकते. १.२ वॅटचे १०० मॉड्युल म्हणजे १२० वॅट, त्याला १५० वॅटचा एसएमपीएस लावा, काठोकाठ लावू नका. लोखंडी फ्रेमला अर्थिंग द्या, लाइनवर ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळली की लाइन तोडणारा स्विच) बसवा, बॉक्सच्या तळाला पाणी निघायला भोकं ठेवा. मेन लाइनची जोडणी परवानाधारक वायरमननंच करायची. जुना निऑन काढायचं काम आलं तर स्वतः हात घालू नका, त्याच्या ट्रान्सफॉर्मरचा दाब १५,००० व्होल्टपर्यंत असतो.

आता उंची. ही मी सगळ्यात शेवटी शिकवते. माझ्याकडे नवा माणूस आधी कित्येक महिने फक्त खाली उभा राहतो आणि शिडी धरतो. त्याला कमी लेखण्यासाठी हे नाही. आमच्यात खाली उभ्या असलेल्याचा शब्द वर चढलेल्यापेक्षा मोठा असतो. वरच्याचं लक्ष स्क्रूवर असतं. तार कुठे आहे, शिडीचा पाय सरकतो आहे का, खालून कोण चाललं आहे, हे खालच्याला दिसतं. त्यानं "थांब" म्हटलं की वरच्यानं आहे तिथे थांबायचं. का, असं खाली उतरल्यावर विचारायचं. वर बारा वर्षांच्या अनुभवाचा कारागीर असो आणि खाली काल आलेला पोरगा असो, नियम तोच. या एका नियमासाठी मी गिऱ्हाइकं सोडली आहेत, कारण घाई झालेला मालक खालच्या पोराला ढकलून पुढे येतो आणि म्हणतो, "काई नाई होत जी, लावा तुम्ही." तेव्हा त्या पोराला स्वतःच्या शब्दावर ठाम राहता आलं पाहिजे. तेवढं बळ आलं की त्याचं शिक्षण निम्मं झालं असं मी समजते.

जागेवर गेल्यावर पहिली नजर तारांकडे. इतवारी-महालच्या गल्ल्यांत पहिल्या मजल्याच्या गॅलरीपासून तारा हातभर अंतरावर असतात. मी कमीत कमी १० फूट अंतर धरते. त्याहून जवळ काम असेल तर महावितरणकडे लाइन बंद करून मागायची आणि बंद झाल्याची खात्री त्यांच्याच माणसाकडून घ्यायची. तक्रार नंबर १९१२. लाइनमनला ओळखतो म्हणून फोनवर "बंद झाली ना?" विचारून काम सुरू करणं मला मान्य नाही. ॲल्युमिनियमची शिडी तारांजवळ न्यायची नाही, आणि ओला बांबूही वीज वाहून नेतो. स्क्वेअर पाइप २० फुटी येतो, तो उभा धरला की थेट ११ केव्हीच्या, म्हणजे ११,००० व्होल्टच्या लाइनपर्यंत पोचू शकतो. म्हणून पाइप नेहमी आडवा, दोघांनी धरून.

शिडी भिंतीला लावताना ४ फूट उंचीला १ फूट पाय बाहेर. १२ फुटांवर टेकवायची तर पाय भिंतीपासून ३ फूट. गच्चीवर उतरायचं असेल तर शिडी काठाच्या वर ३ फूट गेली पाहिजे. चढताना दोन पाय आणि एक हात किंवा दोन हात आणि एक पाय कायम टेकलेले. ड्रिल हातात घेऊन चढायचं नाही, वर गेल्यावर दोरीनं ओढून घ्या.

बेल्ट कमरेचा नको, पूर्ण अंगाचा हार्नेस हवा, त्यावर आयएस ३५२१ छापलेलं बघा. हेल्मेट आयएस २९२५चं, हनुवटीचा पट्टा बांधलेलं. पण हार्नेस घातला म्हणजे झालं असं नाही. दोरी २ मीटरची, पडल्यावर शॉक ॲब्सॉर्बर उघडतो त्याचा एक-दीड मीटर, वर आपली उंची. दोरी पायाशी अडकवली असेल तर एकूण १७-१८ फूट मोकळी जागा लागते. बहुतेक दुकानांचे बोर्ड १२-१५ फुटांवर असतात, म्हणजे दोरी ताणली जाण्याआधीच माणूस जमिनीवर. हुक डोक्याच्या वर, पक्क्या जागी अडकवा, दोरी आखूड ठेवा. मोठं काम असेल तर चाकांची परांची भाड्यानं आणा, चाकं लॉक करा, तिचं भाडं बिलात लावा. आणि कोणी हार्नेसला लटकलाच तर त्याला काही मिनिटांत खाली कसं घ्यायचं हे चढण्याआधी ठरवा, कारण लटकलेल्या माणसाचं रक्त पायांत साचतं.

भिंत ठोकून बघा. जुन्या वाड्यांच्या चुन्या-मातीच्या भिंतीत अँकर फास्टनर (भोकात फुगून पकडणारा बोल्ट) धरत नाही. गच्चीच्या कठड्यावर वजन टांगू नका. आरपार बोल्ट आणि मागून लोखंडी पट्टी, किंवा बीम-कॉलमलाच पकड घ्या.

वाऱ्याचा हिशेब प्रत्येकानं एकदा स्वतः करून बघावा. भारतीय मानक आयएस ८७५ नागपूरसाठी वाऱ्याचा मूळ वेग सेकंदाला ४४ मीटर धरतं, म्हणजे ताशी जवळपास १५८ किलोमीटर. वेगाचा वर्ग गुणिले ०.६ केलं की दर चौरस मीटरला सुमारे १,१६२ न्यूटन, म्हणजे ११८ किलो दाब येतो. साध्या १० बाय ३ फुटांच्या दुकानी बोर्डावर ३३० किलो. २० बाय १० फुटांच्या होर्डिंगवर सव्वादोन टनांच्या आसपास. फ्लेक्स ताणला की तो पतंगासारखा वारा धरतो, आणि इथे मांजा म्हणजे आपले चार बोल्ट. १३ मे २०२४ला घाटकोपरला वादळात पडलेलं होर्डिंग १२० बाय १२० फुटांचं होतं, त्यात १७ माणसं गेली. गच्चीवरचं किंवा रस्त्याकडेचं काम असेल तर स्ट्रक्चरल इंजिनिअरचा दाखला आणि महानगरपालिकेचा परवाना गिऱ्हाइकाच्या हातात पाहिल्याशिवाय ॲडव्हान्स घेऊ नका.

बोर्ड काढणं लावण्यापेक्षा अवघड. ५ ऑक्टोबर २०१८ला पुण्यात जुना बाजार चौकात होर्डिंग काढताना सांगाडा रस्त्यावर कोसळला आणि सिग्नलला थांबलेली माणसं गेली. चार मृत्यू. सांगाडा खालून कापला जात होता. काढताना क्रम कायम उलटा: आधी फ्लेक्स फाडून वारा मोकळा करा, मग वरून खाली एकेक तुकडा दोरीला बांधून कापा, पाय सगळ्यात शेवटी. खालचा रस्ता बंद करून माणूस उभा करा.

नागपूरचं ऊन हाही उंचीचाच धोका. नवतप्यात, म्हणजे मेअखेरच्या कडक उन्हाच्या नऊ दिवसांत, लोखंडी पाइपला हात लावला तर फोड येतो, आणि घेरी आली की हात सुटतो. एप्रिल-मेमध्ये आम्ही बाहेरचं काम सकाळी दहाच्या आत किंवा संध्याकाळी पाचनंतर करतो. डोक्याला ओला दुपट्टा, सोबत मीठ-साखर घातलेलं पाणी किंवा पन्हं. दुसरा धोका घाईच्या काळाचा, म्हणजे डिसेंबरचं हिवाळी अधिवेशन, दसरा-धम्मचक्र प्रवर्तन दिन आणि निवडणुका. रात्रभर बॅनर लावायचे असतात. रात्री जागलेल्याला सकाळी वर चढवू नका.

एकट्या दुकानानं हे सगळं पाळणं कठीण, म्हणून आम्ही ओळखीची काही दुकानं मिळून करतो. एकाकडे चांगले हार्नेस असतील तर ते दुसऱ्याला जातात. तारेखालचं काम एकानं नाकारलं की तो बाकीच्यांना कळवतो, आणि तेही नाकारतात. बिलात "फिटिंग आणि सुरक्षा" ही ओळ सगळ्यांनी वेगळी लिहायची, म्हणजे भाव पाडताना गिऱ्हाईक त्या ओळीत हात घालत नाही. खंडेनवमीला अवजारांची पूजा होते. त्याआधी शिड्या, दोऱ्या, हार्नेस अंगणात मांडून तपासतो. शिवण उसवलेला हार्नेस कापून टाकायचा, नुसता बाजूला ठेवला की कोणीतरी उचलतंच.

प्रत्येक कारागिराचा प्रधानमंत्री सुरक्षा विमा काढून घ्या. बँक खात्यातून वर्षाला २० रुपये जातात, अपघाती मृत्यूला २ लाखांचं संरक्षण मिळतं, वय १८ ते ७०. बांधकामावर वर्षात ९० दिवस काम भरत असेल तर बांधकाम कामगार मंडळात नोंदणीसाठी अर्ज करा. साइटवर निघताना ठरवून ठेवा की काही झालं तर जवळ मेयो रुग्णालय आहे की मेडिकल रुग्णालय, आणि १०८ला फोन कोण करणार.

शिकायला यायचं तर जुलैत या, पावसात बाहेरची कामं कमी असतात आणि शिकवायला वेळ मिळतो. येताना बंद बूट, आधार कार्ड आणि बँकेचं पासबुक आणा. चक्कर किंवा फिट येत असेल, रात्री कमी दिसत असेल तर पहिल्याच दिवशी सांगा. त्यामुळे काम जात नाही. डिझाइन, कटिंग, वायरिंग, अक्षरांची जुळणी ही सगळी जमिनीवरची कामं आहेत आणि माझ्याकडे त्यांचा पगार वर चढणाऱ्याइतकाच असतो.