गोव्यातल्या परसात भाजी: कशाला कधी हात घालावा

गोव्यात वर्षाला साधारण 3000 मिलिमीटर पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक सगळा जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत कोसळतो. डिसेंबर ते एप्रिल आभाळ जवळजवळ कोरडे असते. त्यामुळे बियाण्याच्या पाकिटावर छापलेले ‘वर्षभर लागवड’ हे शब्द इथे विसरून जावेत. जुलैत लावलेला टोमॅटो कुजतो, एप्रिलमध्ये पेरलेला मुळा निबर आणि तिखट होतो, आणि दोष मात्र खताला किंवा किडीला दिला जातो. भाजी आपल्या महिन्यात लावली तर निम्मी दुखणी उद्भवतच नाहीत. उरलेल्या निम्म्यांसाठी हे लिहिले आहे.

आधी ऊन, मग वाफा

फळभाजीला दिवसाला किमान 6 तास थेट ऊन लागते, पालेभाजी 4 तासांत भागवते. गोवा विषुववृत्ताच्या उत्तरेला साधारण 15 अंशांवर आहे. मेच्या सुरुवातीला सूर्य दुपारी बरोबर डोक्यावर येतो, तिथून ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यापर्यंत किंचित उत्तरेकडे असतो आणि मग दक्षिणेला कलतो. डिसेंबरात 3 मीटर उंच भिंतीची सावली भर दुपारीही उत्तरेला जवळजवळ अडीच मीटर पडते. म्हणजे घराच्या उत्तरेचा वाफा पावसाळी भाजीला चालतो, पण हिवाळ्यात त्याच जागी मिरची नुसती लांबत जाते आणि फुले गाळते. हिवाळी भाजी घराच्या दक्षिणेला किंवा पूर्वेला घ्या.

माडाच्या बुंध्यापासून 2 मीटरच्या आत खणू नका. तिथे माडाची मुळे दाट असतात, खतपाणी तीच पिऊन टाकतात. दोन माडांच्या मधल्या सावलीत अळू, सुरण, हळद, आले आणि काटेकणगी (काटेरी वेलाचा कंद) छान येतात. त्या जागेत वांग्याचा हट्ट धरू नये.

चिऱ्याची माती

बहुतेक परसांत तांबडी, जांभ्याची माती असते. ती आम्लधर्मी असते, पावसाने तिच्यातला चुना धुऊन गेलेला असतो. माती चाचणीत सामू (pH, आम्लतेचे माप) 5.5 च्या खाली आला, तर दर चौरस मीटरला 200 ते 250 ग्रॅम डोलोमाइट किंवा शेतीचा चुना वरच्या 15 सेंटिमीटर मातीत मिसळा. भाजलेला चुना असेल तर निम्माच घ्या, तो जास्त तीव्र असतो. चुना आणि शेणखत एकाच दिवशी घालू नका, नत्र अमोनिया होऊन उडून जाते. चुना घातल्यावर 15 दिवस थांबा, मग दर चौरस मीटरला 4 ते 5 किलो पूर्ण कुजलेले शेणखत मिसळा. चाचणी न करता दरवर्षी चुना ओतत राहणेही चुकीचे: सामू 7 च्या वर गेला की लोह आणि जस्त मुळांना मिळत नाही, कोवळी पाने पिवळी पडतात. मातीचा नमुना तपासण्यासाठी आपल्या तालुक्याच्या विभागीय कृषी कार्यालयात विचारा.

घर बांधताना ट्रकने आणून टाकलेली माती बहुतेकदा खोलवरची असते. रंग सुरेख, पण सेंद्रिय अंश जवळजवळ शून्य. अशा मातीत पहिल्या वर्षी फक्त अळसांदे (गोव्याची टपोरी चवळी) आणि रताळी घ्या, अळसांद्याची मुळे जागेवरच कुजू द्या, आणि फळभाजी दुसऱ्या वर्षापासून. किनाऱ्याजवळच्या रेताड जमिनीत पाणी थांबत नाही. तिथे शेणखताबरोबर भिजवून निथळलेला काथ्याचा भुसा मिसळावा. भुशात मीठ असते, म्हणून दोनदा गोड्या पाण्यात भिजवून पिळल्याशिवाय वापरू नका. खाली सरळ चिराच (जांभा दगड) लागत असेल तर पिशव्यांत लागवड करा: वांगी, मिरची, टोमॅटोला 15 ते 20 लिटरची पिशवी, वेलाला 30 लिटर. माती, कंपोस्ट आणि काथ्याचा भुसा समान भाग.

पावसाळा: पाणी बाहेर काढण्याचे काम

पावसाळी वाफा जमिनीपासून 30 सेंटिमीटर उंच हवा, रुंदी 1 मीटर, दोन वाफ्यांमध्ये 40 सेंटिमीटरची चर, आणि चरीला उतार. मुसळधार सरीनंतर अर्ध्या तासाने चरीत पाणी साचलेले दिसले तर उतार चुकला आहे. काणकोणची खोला मिरची पावसाच्या पाण्यावर डोंगराच्या उतारावर पिकते ती याच कारणाने: पाणी भरपूर पडते, पण मुळाशी थांबत नाही.

या दिवसांत लावायचे ते भेंडी, दोडकी, घोसाळी, काकडी, तवशी (मोठी गावठी काकडी), पडवळ, कारली, चिबूड, भोपळा. गोव्याची लांब, सात शिरांची, फिकट हिरवी भेंडी तर याच ऋतूची. तिचे झाड उंच आणि फांद्यांचे असते, म्हणून दोन झाडांत 60 सेंटिमीटर अंतर ठेवा. बाजारातल्या बुटक्या संकरित भेंडीला 45 × 30 सेंटिमीटर पुरते. बी रात्रभर पाण्यात भिजवून एका खळग्यात दोन टाका आणि रोप चार पानांचे झाले की अशक्त असेल ते कापा. उपटू नका, शेजारच्याची मुळे हलतात.

चतुर्थीला स्वतःच्या परसातली भाजी हवी असेल तर मागे मोजत या. भेंडी आणि काकडी 50 ते 60 दिवसांत हाताशी येतात, दोडकी आणि पडवळ 60 ते 70. 2026 मध्ये चतुर्थी 14 सप्टेंबरला आहे. 65 दिवस मागे गेले की 11 जुलै येते, आणि जुलैच्या झडीत वाफ्यात टाकलेले बी कुजते. म्हणून जूनअखेर पडवीत, भोके पाडलेल्या करवंट्यांत रोपे करा आणि दोन खरी पाने आली की मातीच्या गोळ्यासकट वाफ्यात ठेवा. वेलवर्गीय रोपाच्या मुळांना धक्का चालत नाही, ते आठ-दहा दिवस रुसून बसते. मृगातच पेरलेली भेंडीही तोडणी चुकवली नाही तर चतुर्थीपर्यंत देत राहते. झाडावर एक भेंडी निबर होऊ दिली की नवी फुले कमी होतात, म्हणून एक दिवसाआड तोडा.

वेलांना माटव (मांडव) 2 मीटर उंच करा. खालून हवा खेळली पाहिजे आणि पडवळ सरळ लोंबले पाहिजे. पडवळाच्या टोकाला छोटा दगड बांधतात तो वाकडेपणा घालवण्यासाठी. काकडीला उभी जाळीही चालते.

‘फुले खूप येतात, फळ धरत नाही’ ही सगळ्यात जास्त ऐकू येणारी तक्रार. पहिले आठ-दहा दिवस नुसती नरफुले येतात, ते साहजिक आहे. मादीफुलाच्या देठाशी इवलेसे फळ असते. तीही येऊ लागली आणि पिवळी पडून गळू लागली, तर पावसात मधमाश्या फिरकत नाहीत असे समजा आणि हाताने परागीभवन करा. वेळ महत्त्वाची आहे. काकडी, भोपळा, कारली आणि घोसाळ्याची फुले सकाळी उमलतात, ती 9 च्या आत उरका. दोडक्याची फुले मात्र संध्याकाळी 5 नंतर उमलतात, दुधीची आणि पडवळाची तिन्हीसांजेला. ताजे नरफूल तोडा, पाकळ्या काढा, आतला पिवळा भाग मादीफुलाच्या मध्यावर हलके फिरवा. एक नरफूल दोन मादीफुलांना पुरते. परागकण भिजले की निकामी होतात, म्हणून पाऊस जोराचा असेल तर नरफुलाची कळी उमलण्याआधीच तोडून घरात पाण्यात ठेवा.

फळ धरले की फळमाशी येते. कोवळ्या फळाला टोचून ती आत अंडी घालते, टोचल्या जागी डिंकाचा थेंब दिसतो, फळ वाकडे होते आणि आत अळ्या. त्या अवस्थेत कुठलीही फवारणी फळाच्या आत पोचत नाही. फळ करंगळीएवढे असतानाच जुन्या सुती लुगड्याच्या तुकड्याची सैल पिशवी बांधा, कागद पावसात टिकत नाही. जोडीला क्यू-ल्युअर या, नरमाश्यांना वासाने ओढणाऱ्या गोळीचा सापळा जमिनीपासून दीड मीटरवर टांगा. आंब्यासाठी मिळणारी मिथाईल युजेनॉलची गोळी इथे चालणार नाही, ती दुसऱ्या माशीची. गळालेली फळे खतखड्ड्यात टाकू नका, अळ्या मातीत जाऊन कोष करतात. काळ्या प्लास्टिक पिशवीत घट्ट बांधून आठवडाभर उन्हात ठेवा.

भेंडीच्या पानांच्या शिरा पिवळ्या पडल्या तर तो विषाणू आहे, पांढऱ्या माशीने आणलेला. औषध नाही. झाड उपटून टाका, आशेने ठेवू नका, शेजारची दहा झाडे जातात.

पावसात नत्र धुऊन जाते, म्हणून खत एकदम न घालता दर 15 दिवसांनी झाडाला दोन मुठी गांडूळखत द्या आणि वर माती ओढा.

हिवाळा आणि मर रोग

पाऊस सरला की परसाचे खरे सुखाचे दिवस. तांबडी भाजी, मुळा, नवलकोल, वाल, अळसांदे, मिरची, वांगी, टोमॅटो, कांद्याची पात, कोथिंबीर. रोपे सप्टेंबरअखेर आडोशाला तयार करा, लावणी ऑक्टोबरच्या मध्यापासून नोव्हेंबरपर्यंत. वाफा आता 15 सेंटिमीटर उंच पुरे.

तांबड्या भाजीचे बी बारीक असते. दर चौरस मीटरला 2 ग्रॅम बी दहापट वाळूत मिसळून फेका, वरून बोटभरही नाही, जेमतेम अर्धा सेंटिमीटर माती. मुंग्या बी उचलून नेतात, वाफ्याभोवती चुलीतली राख पसरा. 25 ते 30 दिवसांत काढणी. दर दहा दिवसांनी एक पट्टा पेरत गेलात तर फेब्रुवारीपर्यंत खंड पडत नाही.

वांगी, टोमॅटो आणि मिरचीचा खरा शत्रू जिवाणूजन्य मर. उष्ण, ओल्या, आम्ल मातीत तो जोमाने वाढतो, म्हणजे गोव्याची माती त्याला माहेरासारखी. हिरवेगार झाड दुपारी माना टाकते, संध्याकाळी सावरते, आणि तीन-चार दिवसांत पाने पिवळी न पडताच वाळते. अनेकजण तहान समजून जास्त पाणी घालतात आणि त्या पाण्याबरोबर जिवाणू पुढच्या झाडाकडे जातो. खात्री करायची असेल तर बुंध्याजवळचा 5 सेंटिमीटरचा तुकडा कापा आणि काचेच्या पेल्यातल्या स्वच्छ पाण्यात त्याचे एक टोक बुडवून धरा. काही मिनिटांत दुधाळ धागा खाली उतरला तर हाच रोग. धागा उतरला नाही तर मुळे तपासा. त्यांवर गाठी असतील तर सूत्रकृमी (मुळांत शिरणारे सूक्ष्म जंत), तिथे दर चौरस मीटरला 150 ग्रॅम निंबोळी पेंड आणि पुढच्या फेरीला झेंडू.

मर लागलेले झाड आजूबाजूच्या मातीसकट काढून परसाबाहेर टाका आणि फावडे-कोयता धुऊन उन्हात ठेवा. त्या वाफ्यात किमान 3 वर्षे वांगी, टोमॅटो, मिरची आणि बटाटा नको; मुळा, तांबडी भाजी, अळसांदे, भेंडी चालतील. जागाच कमी असेल तर तग धरणारे वाण निवडा: वांग्यात अर्का निधी, अर्का केशव, अर्का नीलकंठ, टोमॅटोत अर्का रक्षक. रानवांग्याच्या खुंटावर कलम केलेली रोपे याहून भरवशाची. फक्त कलमाचा जोड जमिनीच्या वर 5 सेंटिमीटर राहू द्या, तो मातीत गाडला तर वरच्या भागाला मुळे फुटून सगळा फायदा जातो. इथल्या मातीला जुळणाऱ्या वाणांसाठी जुन्या गोव्याच्या केंद्रीय किनारी कृषी संशोधन संस्थेत चौकशी करा.

मिरचीची पाने वरच्या बाजूला वळली तर फुलकिडे, खाली वळली तर कोळी (डोळ्यांना जेमतेम दिसणारी कीड). फुलकिड्यांना 1 लिटर पाण्यात 5 मिलि निंबोळी तेल आणि 1 मिलि द्रवरूप साबण, कोळ्यांना 2 ग्रॅम विद्राव्य गंधक. दोन्ही संध्याकाळी, पानांच्या खालून. या दोन फवारण्यांत 15 दिवसांचे अंतर हवे, तेलावर गंधक पडले तर पाने करपतात. वांग्याचा शेंडा मलूल झाला की खाली 3 सेंटिमीटरपर्यंत कापून अळीसकट चिरडा. दर आठवड्याला हे करणारा निम्मी वांगी वाचवतो.

उन्हाळा

मार्चनंतर नवी लागवड आवरती घ्या: तांबडी भाजी, चवळी, रताळ्याची पाने, एवढेच. रेताड जमिनीत 1 चौरस मीटर वाफ्याला दिवसाला 6 लिटर पाणी लागते. वाळक्या चुडतांचे (माडाच्या झावळ्यांचे) तुकडे किंवा सोडणे (नारळाची सालपटे) उपडी मांडून माती झाकली तर ते बरेच कमी होते. किनाऱ्याजवळच्या विहिरी एप्रिल-मेत मचूळ होतात. पानांच्या कडा बाहेरून आत करपत आल्या तर खत नव्हे, पाणी तपासा.

माकडांना बुजगावणे दोन दिवस फसवते. त्यांच्या वाटेवर कारली, मिरची, हळद, सुरण लावा आणि काकडी घराच्या भिंतीलगत घ्या.

पुरुमेताच्या, म्हणजे पावसाळ्यासाठी बेगमी करण्याच्या दिवसांत, मिरच्या वाळत घालताना बियाणेही उरका. बीसाठी झाडाच्या मधल्या फळांपैकी सरळ, निरोगी फळ राखा, पहिले आणि शेवटचे नको. काकडी पिवळीधमक होईपर्यंत वेलावर ठेवा, गर दोन दिवस पाण्यात आंबवा, तळाला बसलेले बी धुऊन सावलीत वाळवा. भेंडी झाडावरच कडक वाळू द्या, पण शेजारी संकरित भेंडी असेल तर कळीवर कापडी पिशवी बांधून ठेवा, मधमाश्या परागकण मिसळतात. बी राखेत मिसळून घट्ट झाकणाच्या बाटलीत भरा आणि वर वर्ष लिहा. भेंडीचे बी दोन वर्षांपलीकडे विश्वासाचे नाही. पेरणीआधी दहा दाणे ओल्या फडक्यात बांधून चार-पाच दिवस ठेवा. सातपेक्षा कमी उगवले तर एका खळग्यात दोनऐवजी चार टाका.