पिकअपचा मागचा भाग उचलला, पाट्यांचं (लीफ स्प्रिंगच्या पट्ट्यांचं) काम

सोलापूर मार्केट यार्डात कांदा भरला की गाडी मागून बसायची, खड्ड्यात बंपस्टॉप (ॲक्सल वर आपटू नये म्हणून असलेला रबराचा ठोकळा) ठोकायचा. आधी रिकाम्या गाडीत हबच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंत दोन्ही बाजूंनी माप घेतलं. डावीकडे पाऊण इंच कमी भरलं, म्हणजे त्या बाजूच्या पाट्यांची कमान (बाक) गेलेली.

पाटा भट्टीत तापवून कमान देणं टाळा. पोलादाला पाणी (टेंपर) नीट बसलं नाही तर काही महिन्यांत पुन्हा सपाट. न तापवता, थंड कमान द्या, नाहीतर सरळ नवा सेट.

मेन पाट्याखाली दोन्ही बाजूंना एकेक जादा पाटा घातला. जाडी वाढली म्हणून सेंटर बोल्ट (पाटे एकत्र धरणारा) आणि यू-बोल्ट (पाटे ॲक्सलला बांधणारे) लांब लागले. जुने यू-बोल्ट ताणलेले असतात, परत वापरू नका. घोडी (स्टँड) चेसिसखाली लावा, जॅक ॲक्सलखाली. सेंटर बोल्टचं डोकं ॲक्सलच्या भोकात बसलं नाही तर चाक तिरकं चालतं. यू-बोल्ट एक्स आकारात, थोडे थोडे आवळायचे. ५०० किलोमीटरनंतर पुन्हा.

सगळ्यात जास्त घोळ बुशमध्ये (पाट्याच्या टोकातल्या रबरी नळीत) होतो. शॅकलचे (पाट्याचं टोक चेसिसला जोडणाऱ्या कडीचे) बोल्ट गाडी चाकांवर उभी करूनच आवळा. जॅकवर आवळले तर रबर पिळून राहतं आणि लवकर फाटतं.

मागच्या ॲक्सलला जोडलेला ब्रेकचा लोड व्हॉल्व्ह (वजनाप्रमाणे मागचा ब्रेक कमी-जास्त करणारा) असेल तर त्याची दांडी सेट करून घ्या. उंची वाढली की तो गाडी रिकामी समजून मागचा ब्रेक कमी देतो. शॉकॲब्सॉर्बर पुरेसे लांब आहेत का तेही पाहा. मागचा भाग वर गेल्याने हेडलाइटचा झोत खाली पडतो, तेवढं स्क्रूने होतं.

रिकामी गाडी आता जरा उडते. वजनाची पासिंग (आरटीओची मर्यादा) मात्र तीच.